गवतावर आळ

दर सप्टेंबरात आमच्या डेन्व्हरच्या मराठी ग्रुपवर डोंगरांचे फोटो यायला लागतात. आधी अ‍ॅस्पेनची पिवळी झाडं. मग त्याच्याही वरचे, झाडांची हद्द संपल्यानंतरचे, वीटकरी लाल झालेले उतार. गेल्या वर्षी या फोटोंच्या मागोमाग कुणीतरी एक बातमी फॉरवर्ड केली. मथळ्याचा अर्थ असा, की उंच डोंगरांवर गवताने आक्रमण केलंय, फुलझाडं हटतायत, खालची मातीसुद्धा बदलतेय. पाच मिनिटांत उपाय तयार. "उपटून टाका." "एक व्हॉलंटियर डे ठेवू या, मुलंही येतील." एकाने तलवार उपसलेल्या मावळ्याचं स्टिकर टाकलं. मी हसण्याचा इमोजी टाकला आणि मीटिंगला गेलो.

तो इमोजी मला मागे घ्यायचाय. त्यानंतरचे बरेच वीकेंड मी या विषयावरचे शोधनिबंध वाचण्यात घालवले. माझी डिग्री इंजिनीअरिंगची, वनस्पतीशास्त्राशी संबंध बारावीला संपला, त्यामुळे पहिले दोन तर तीन-तीनदा वाचावे लागले. पण वाचून माझं ठाम मत झालंय की आपण भलत्यालाच धरलंय. टुंड्रात गवत वाढू शकतं हे खरं. ते वाढलं की शेजारची झाडं मागे पडतात आणि माती बदलते हेही खरं. पण 'आक्रमण' हा शब्द एकदा उच्चारला की पुढचा सगळा विचार चुकीच्या वाटेला लागतो, आणि ज्यांनी उत्तर द्यायला हवं ते निवांत घरी बसतात.

आधी जागा बघू. डेन्व्हरहून दीड-दोन तासांवर रॉकी माउंटन नॅशनल पार्क आहे. त्यातून ट्रेल रिज नावाचा डांबरी रस्ता ३,७१३ मीटरपर्यंत चढतो. साधारण ३,४०० मीटरच्या आसपास झाडं संपतात आणि आल्पाइन टुंड्रा सुरू होतो. वाढायला वर्षातले जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. वारा असा की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडावं लागतं. झाडं घोट्याच्याही खाली, गुडघे टेकल्याशिवाय फुलं नीट दिसत नाहीत. ठिकठिकाणी पाट्या आहेत: इथली झाडं नाजूक आहेत, टुंड्रावर पाय देऊ नका. लोक पाट्या पाळतात, हे कबूल करायला हवं. पोरांना ओरडून मागे खेचतात. आणि मागे पार्किंगमध्ये थंडी वाजते म्हणून हीटर लावून गाड्या सुरूच असतात. माझीही होती.

त्याच डोंगररांगेत थोडं दक्षिणेला, बोल्डरच्या पश्चिमेला, निवॉट रिज नावाची धार आहे. कोलोरॅडो विद्यापीठाचं संशोधन केंद्र तिथे आहे आणि १९८० पासून तिथल्या टुंड्राचा सलग अभ्यास चालू आहे. तिथल्या ओलसर कुरणांमध्ये दोन वनस्पती शेजारीशेजारी राहतात. एक जिअम रॉसाय. पिवळी फुलं, नेच्यासारखी कातरलेली पानं, जमिनीखाली जाड खोड. सप्टेंबरात उतार लाल होतात ते मुख्यतः हिच्या पानांमुळे. दुसरं डेस्चॅम्प्सिया सेस्पिटोसा, झुबक्यांनी वाढणारं गवत. बातमीतलं 'आक्रमक' गवत म्हणजे या जातीचं.

आता गंमत बघा. हे गवत कुठूनही आलेलं नाही. बोटीतून, बियाण्याच्या पोत्यातून, कुणाच्या बुटाला चिकटून, कसंच नाही. जिअम तिथली, तसं तेही तिथलंच. सगळ्या उत्तर गोलार्धात ते आढळतं आणि या कुरणांमध्ये दोघांचा शेजार फार जुना आहे. त्याने सीमा ओलांडली नाही, शेजाऱ्याची भिंत खचली तेव्हा ते पुढे सरकलं. मी अमेरिकेत आलो त्या वर्षीचा टॅक्स फॉर्म भरताना कळलं होतं की सरकारी भाषेत मी 'नॉन-रेसिडेंट एलियन' आहे. तेव्हा मित्रांमध्ये खूप हसलो होतो. परक्या वनस्पतींनाही इंग्रजीत एलियनच म्हणतात. पण मी निदान खरंच बाहेरून आलोय. या बिचाऱ्या गवताला तर तेवढंही लागू होत नाही.

आणि कोण मूळचं, कोण उपरं, हा हिशेब करायला ही जागा निवडावी यासारखा विनोद नाही. निवॉट हे अरापाहो लोकांच्या प्रमुखाचं नाव. अर्थ डावखुरा. २९ नोव्हेंबर १८६४ ला सँड क्रीकला अमेरिकन सैनिकांनी त्याच्या लोकांच्या छावणीवर हल्ला केला, त्यात झालेल्या जखमांनी तो गेला. पुढे अरापाहोंना या प्रदेशातून घालवून दिलं. आज डोंगराला त्याचं नाव आहे, आणि त्या डोंगरावर आपण गवताला घुसखोर म्हणतोय.

असो. भावनेवर जाऊन मला हा वाद जिंकायचा नाही, मातीवर येतो. खरा मुद्दा तिथे आहे, आणि तो मला इतका आवडलाय की जरा रेंगाळणार आहे.

जिअमच्या पानांत फिनॉल गटातली रसायनं भरपूर असतात. पानं गळून मातीत गेली की सूक्ष्मजीव त्यांतला कार्बन खातात, पण वाढायला त्यांना नायट्रोजनही लागतो. तो ते आजूबाजूच्या मातीतून उचलतात आणि स्वतःच्या शरीरात अडकवून ठेवतात. म्हणजे जिअमखालची माती चिकट हाताची. सहजासहजी काही सोडत नाही. डेस्चॅम्प्सियाच्या पात्यांत ही रसायनं कमी, ती लवकर कुजतात, नायट्रोजन भराभर मोकळा होतो. हायडी स्टेल्ट्झर आणि विल्यम बोमन यांनी १९९८ साली हे निवॉट रिजवर मोजून दाखवलं. एकच कुरण, एकच पाऊस, एकच बर्फ, पण गवताखालच्या मातीत नायट्रोजन मोकळा होण्याचा वेग शेजारच्या जिअमखालच्या मातीपेक्षा कितीतरी पट जास्त. झाडं मातीत उगवतात हे शाळेत शिकलो होतो. झाडं आपापली माती घडवतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

याच फिनॉलवर आणखी एकाचा हिवाळा चालतो. पायका नावाचा मुठीत मावेल एवढा, सशाच्या गोतातला प्राणी तिथे दगडांच्या खाचांत राहतो. थंडीत तो झोपून राहत नाही, उन्हाळाभर पानं तोडून साठवतो आणि बर्फाखाली त्या साठ्यावर जगतो. डेनिस डिअरिंग यांनी निवॉट रिजवरच्या पायकांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की ताजी असताना जिअमची पानं तो टाळतो, कारण ती त्याला बाधतात. साठ्यात मात्र आवर्जून भरतो. फिनॉलमुळे साठा कुजत नाही, आणि काही महिन्यांत फिनॉल उतरतं तेव्हा पानं खाण्याजोगी होतात. कच्ची कैरी नुसती खाऊन दात आंबतात, पण मिठात मुरली की वर्षभर पुरते, तसं. आजीची बरणी आणि पायकाची बरणी यांत तत्त्वाचा फरक नाही. जिअम गेली तर तिथून बरणीतलं मीठच गेलं.

म्हणजे गवत वाढणं ही क्षुल्लक गोष्ट आहे असं मी म्हणत नाहीये. माती मोकळ्या हाताची होते, त्याचा फायदा भराभर वाढणाऱ्या गवताला होतो, ते आणखी वाढतं, माती आणखी सैल सुटते. हे चक्र एकदा फिरायला लागलं की स्वतःच्या जोरावर फिरतं. माझा प्रश्न एवढाच आहे की पहिला धक्का कुणी दिला?

नायट्रोजनने. शेतकऱ्यांच्या भाषेत नत्राने. टुंड्राची माती मुळात गरीब, आणि तिच्या गरिबीवरच तिथली विविधता उभी आहे. ज्यांनी कासचं पठार पाहिलंय त्यांना हे पटायला वेळ लागू नये. कातळावर चिमूटभर माती, त्यात कसबसं भागवणारी झाडं, आणि म्हणूनच ऑगस्ट-सप्टेंबरातला तो सोहळा. तिथेही कुंपण घालून चराई थांबवल्यावर गवत वाढलं आणि फुलं मागे पडली अशी तक्रार झाली, कुंपण काढा अशी मागणी झाली. कारण वेगळं, पण धडा सारखा. जिथे सगळ्यांनाच थोडं मिळतं तिथे कुणी एकटा माजत नाही.

किती नत्र लागतं हा तोल बिघडवायला? आपल्याकडे सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस असते. रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये पाऊस आणि बर्फातून पडणारा नायट्रोजन हेक्टरी वर्षाला ३ किलोच्या आसपास आहे. उसाच्या फडात हे कुणाच्या खिजगणतीतही येणार नाही. टुंड्राला मात्र झेपत नाही. म्हणून पार्क, राज्य सरकार आणि केंद्राची पर्यावरण संस्था यांनी २००७ मध्ये एक आराखडा केला: २०३२ पर्यंत हे प्रमाण दीड किलोवर आणायचं. म्हणजे निम्मं. ते का साधत नाहीये, त्यावर येतोच.

त्याआधी तो प्रयोग, ज्याच्यामुळे मी हा लेख लिहायला बसलो. कॅथरिन सडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवॉट रिजवर वाफे आखले. काहींतून गवत काढून टाकलं, काहींतून जिअम काढली, काही तसेच ठेवले. मग काही वाफ्यांत नायट्रोजन घातला. व्हॉलंटियर डेच्या तर्काने पाहिलं तर गवत उपटलेल्या वाफ्यात जिअम सुखी व्हायला हवी होती. शत्रूच नाही, लढाईच नाही. २००८ साली निकाल छापून आला. नायट्रोजन घातलेल्या वाफ्यांत गवत असो वा नसो, जिअम खंगलीच.

पुन्हा वाचा. गवत उपटलं, तरी जिअम खंगली. जास्तीचं अन्नच तिला पचलं नाही. शिवाय जिअम जिथे शाबूत होती तिथे ती गवताला रोखूनही धरत होती. मग नायट्रोजनने तिला आधी आजारी पाडलं आणि गवत रिकाम्या होत चाललेल्या जागेत शिरलं. याला आक्रमण म्हणायचं असेल तर मग सोडून दिलेल्या घराच्या अंगणात उगवणाऱ्या टाकळ्यालाही आक्रमण म्हणा.

आम्हा प्रोग्रॅमर लोकांकडे गिटमध्ये 'ब्लेम' नावाची एक कमांड आहे. कोडच्या कुठल्या ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला ते ती दाखवते. रात्री दोन वाजता सिस्टिम पडली की सगळे आधी तेच बघतात आणि ज्याचं नाव दिसेल त्याच्यावर तुटून पडतात. बहुतेक वेळा तो बिचारा फक्त स्पेसिंग नीट करून गेलेला असतो. चूक तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्याच फाइलमध्ये, आता मॅनेजर झालेल्या कुणीतरी केलेली असते. गवताचं नाव शेवटच्या ओळीवर आहे, एवढाच त्याचा गुन्हा.

"बरं, नायट्रोजन थांबवला की होईल ना पूर्ववत?" हा पुढचा प्रश्न मलाही पडला होता. बोमन आणि सहकाऱ्यांनी तेही करून पाहिलं. दहा वर्षांहून जास्त काळ ज्या वाफ्यांत नायट्रोजन घातला होता, तिथे तो बंद केला आणि जवळपास दशकभर वाट पाहिली. २०१८ मधला त्यांचा निबंध वाचून मी लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. सुधारणा अगदी मर्यादित. मधल्या काळात माती आम्लधर्मी झालेली. मातीतून निसटणारा नायट्रेट जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन जातो आणि मातीत घट्ट बांधलेलं अ‍ॅल्युमिनियम सुटं होतं, ते मुळांना घातक. निघून गेलेलं कॅल्शियम खडक झिजून पुन्हा तयार व्हायला किती पिढ्या जातील याचा हिशेब आपल्या आयुष्यात बसणारा नाही. इथे अनडू नाही.

फक्त कोलोरॅडोतच असं घडतंय अशी कुणाची समजूत असेल तर चीन आणि उत्तर कोरियाच्या सीमेवरच्या चांगबाई पर्वताकडे बघा. ज्वालामुखीच्या मुखात तियानची सरोवर, साधारण २,००० मीटरच्या वर टुंड्रा, त्यात फिकट पिवळ्या फुलांचं, जमिनीलगत पसरणारं सदाहरित र्‍होडोडेंड्रॉन. पश्चिम उतारावर खालच्या बर्चच्या जंगलातलं डेयूक्सिया नावाचं गवत गेल्या काही दशकांत वर टुंड्रात चढलंय आणि र्‍होडोडेंड्रॉन मागे हटतंय. ते खरंच खालून वर आलंय, त्यामुळे तिथे 'घुसलं' हा शब्द थोडा तरी शोभतो. पण तेही त्याच डोंगराचं लेकरू. १९८६ च्या ऑगस्टमध्ये टायफूनने त्या बाजूचं जंगल आडवं केलं, हवा तापत गेली, वरून नायट्रोजन पडत राहिला. वाट मोकळी करून दिल्यावर कुणी चढून आलं, तर दोष चढणाऱ्याचा किती आणि वाट करून देणाऱ्याचा किती?

मला माहीत आहे, इथे कुणीतरी चीटग्रास काढणार. काढा, रास्त आहे. हे गवत युरोप-आशियातून अमेरिकेत आलं, उन्हाळा सुरू होताच वाळून कोळ होतं, त्यामुळे वणवे पुन्हापुन्हा लागतात आणि सेजब्रशची माळरानंच्या माळरानं त्यात जळून जातात. ते खरोखर परकं आहे आणि खरोखर विध्वंसक आहे. ते उपटणाऱ्यांना माझा सलाम, मी स्वतः एक शनिवार ते उपटलंय, पाठ दोन दिवस दुखत होती. म्हणूनच तर चिडतोय. दोन्हींना एकाच शब्दाने हाक मारली की दोन्हींवर एकच इलाज सुचतो. एका ठिकाणी तो उपयोगाचा आहे. दुसऱ्या ठिकाणी तो निव्वळ फोटो काढण्याचा कार्यक्रम आहे, शिवाय नाजूक टुंड्रा पन्नास जोडी बुटांखाली तुडवून.

आता निम्म्यावर का येत नाही, ते. हवेतून येणारा हा नायट्रोजन दोन रूपांत येतो. एक नायट्रोजन ऑक्साइड: गाड्या, वीजनिर्मिती, कारखाने. दुसरा अमोनिया: मुख्यतः जनावरांचं शेण-मूत आणि रासायनिक खतं. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याखाली नायट्रोजन डायऑक्साइडला मर्यादा आहे. त्यामुळे गाड्यांच्या धुराड्यांवर नियम आले, वीज केंद्रांवर आले, आणि ऑक्साइड खरोखर घटले. अमोनियाला अशी मर्यादाच नाही. त्यामुळे देशभर नायट्रोजनच्या एकूण मापात अमोनियाचा वाटा वाढत गेलाय. जे मोजून अडवलं ते कमी झालं, जे अडवलंच नाही ते तसंच आहे. याला फार मोठं संशोधन लागत नाही.

डोंगराच्या पूर्वेला सपाटीवर वेल्ड काउंटी आहे. मोठमोठे गोठे, मांसासाठी जनावरं खाऊ घालून वाढवण्याची अवाढव्य आवारं, खताखालची शेती. ग्रीलीजवळून गाडी नेलीत आणि वारा तुमच्या बाजूने असला तर काचा वर करता. तो वास अमोनियाचा. एरवी इथला वारा पश्चिमेकडून वाहतो, पण काही दिवस तो उलटतो. पूर्वेकडून ओलसर हवा डोंगराला भिडून वर चढते, थंड होते आणि पाऊस किंवा बर्फ होऊन कोसळते. सपाटीवरचा अमोनिया तिच्यासोबत थेट जिअमच्या अंगणात. म्हणजे डोंगरावर नायट्रोजन कुठून आणि केव्हा येतो, हे दोन्ही ठाऊक आहे. गूढ काही उरलेलं नाही.

आणि यात 'ते' शेतकरी आणि 'आपण' निसर्गप्रेमी अशी वाटणी करायची माझी तयारी नाही. कोलोरॅडोतलं बरंचसं दूध याच काउंटीतून येतं. आमच्या गणपतीत ज्या श्रीखंडावर तुटून पडतात, त्याचं दूधही तिकडचंच असणार. त्या गोठ्यांत पहाटे उठून राबणारे बहुतेक मजूर दक्षिणेकडच्या देशांतून आलेले, म्हणजे माझ्यासारखेच एलियन, फक्त पगार आणि कागदपत्रं वेगळी. आक्रमणाची भाषा त्यांच्याबद्दलही रोज टीव्हीवर ऐकू येते. गवताबद्दल ती वापरताना आपली जीभ अडखळत नाही, याचं एक कारण मला वाटतं तिची आपल्याला सवय लागलीय.

व्हॉलंटियर डेऐवजी काय, असं ग्रुपवर मला विचारलंच गेलं. मी लिहिलं: अमोनियाला मर्यादा घाला अशी मागणी करू या. राज्याची हवा-नियमांची सुनावणी असते तेव्हा कुणीही म्हणणं मांडू शकतं, व्हिसावर असलात तरी. मला इथे मत नाही, तोंड आहे. शेण झाकून ठेवणं, खत मातीत गाडून देणं, चाऱ्यातलं जादा प्रथिन कमी करणं, हे उपाय ठाऊक आहेत आणि काही शेतकरी ते करतायतही. जे करतात त्यांना पैशांची मदत द्या, जे करत नाहीत त्यांना करायला लावा. यावर एक अंगठा आला. मावळ्याचं स्टिकर टाकणाऱ्याने विचारलं, "मग ट्रिप कॅन्सल का?"

सध्या या अमोनियासाठी जी व्यवस्था आहे तिचं वर्णन करून थांबतो. पूर्वेकडून वारा चढणार असा अंदाज दिसला की शेतकऱ्यांना आणि पशुपालकांना आगाऊ इशारा जातो: येते एक-दोन दिवस खत पसरू नका, शेणाचे ढीग हलवू नका. इशारा मिळवायचा तर आधी नाव नोंदवावं लागतं. नाव नोंदवणं ऐच्छिक आहे. इशारा आल्यावर ट्रॅक्टर उभा ठेवायचा की नाही, तेही ज्याचं त्याने ठरवायचं.